काचेवर धुकं आणि व्हेंटमधून नुसती फुंकर: जुन्या एमजीबीचा डिफ्रॉस्टर दर थंडीत का बिघडतो

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकांपैकी बहुतेकांची तक्रार एकसारखीच असते. इंजिन व्यवस्थित तापलंय, ब्लोअर घोंघावतोय, नॉब पूर्ण डिमिस्टवर (हवा काचेकडे सोडण्यावर) आहे, आणि तरीही समोरच्या काचेच्या तळाशी जेमतेम वीतभर जागा साफ होते. मग हीटरचा वॉल्व्ह बदलला जातो. थोडे दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मग इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट बदलतो. मग नवा हीटर कोअर, म्हणजे गरम पाणी फिरणारा हीटरमधला छोटा रेडिएटर, येतो. पुढच्या थंडीत चालक पुन्हा एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडकं धरून बसलेला.

याचं कारण असं की डिफ्रॉस्टरपर्यंत, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या गरम हवेच्या सोयीपर्यंत, दोन वेगवेगळ्या गोष्टी पोचाव्या लागतात: कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातली) उष्णता आणि बाहेरची हवा. त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्या फक्त हीटर कोअरपाशी भेटतात. जवळपास सगळा खर्च उष्णतेच्या वाटेवर होतो आणि गळती बहुतेक वेळा हवेच्या वाटेवर असते. कुठलाही सुटा भाग मागवण्याआधी कोणती वाट तुटली आहे ते ठरवलं, तर निम्मं काम तिथेच संपतं.

हे सगळं १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीला धरून लिहितोय. एमजी मिजेट किंवा ट्रायम्फ स्पिटफायरसारख्या त्याच पिढीच्या गाड्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. रचना थोडी वेगळी असली तरी फोम, होज आणि केबल सगळीकडे सारख्याच पद्धतीने म्हाताऱ्या होतात.

आधी निदान, पाना नंतर

इंजिन पूर्ण तापू द्या, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा आणि बॉनेट उघडून हीटरच्या दोन्ही रबरी होजना जपून हात लावा. फिरणाऱ्या पंख्यापासून बाही आणि बोटं दूर ठेवा.

दोन्ही होज थंड असतील तर गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाहीये. वॉल्व्ह उघडत नसेल, वाटेत हवा अडकली असेल किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहून इंजिन तापत नसेल. एक गरम आणि दुसरा कोमट किंवा थंड असेल, तर कोअर आतून तुंबलाय. दोन्ही जवळपास सारखेच गरम असतील, तर उष्णतेच्या वाटेचं काम झालेलं आहे. तिकडचा एकही भाग विकत घेऊ नका.

आता हवा पाहू. टिश्यू पेपरची बोटभर रुंदीची पट्टी डॅशबोर्डवरच्या डिमिस्टरच्या फटीवर धरा. डावीकडे आणि उजवीकडे ती किती उडते ते पाहा. मग एक खिडकी दोन बोटं उघडा आणि पुन्हा पाहा. खिडकी उघडल्यावर पट्टी चांगली उडायला लागली, तर हीटरमध्ये फारसा दोष नाही. आत येणाऱ्या हवेला बाहेर पडायला जागा नव्हती, इतकंच. या गाड्यांमध्ये आजच्यासारखी हवा बाहेर जाण्याची नीट सोय नसते. छत नवं असेल, दारांचे रबर नवे असतील, तर केबिन इतकी घट्ट बंद होते की ब्लोअर आत हवा ढकलूच शकत नाही. ज्यांनी हौसेने सगळे रबर बदलले त्यांच्याच गाडीत धुकं वाढलं, असं दिसतं ते यामुळे. थंडीत खिडकी किंचित उघडी ठेवणं कोणाला आवडत नाही, पण काच त्यानेच साफ होते.

एका बाजूची पट्टी उडते आणि दुसऱ्या बाजूची नाही, असं असेल तर हीटरच्या पेटीकडे जाऊच नका. त्या बाजूचा होज डॅशबोर्डच्या मागे निसटलाय किंवा चेपलाय. रेडिओ बसवताना, वायपरचं काम करताना किंवा वायरिंग ओढताना तो हमखास सुटतो, आणि काम करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दोन्ही बाजूंना हवा जोरात आहे, दोन्ही होज गरम आहेत, पण हवा मात्र कोमट. हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त चकवतो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

फोम: या सगळ्याचं मूळ

डॅशबोर्डवर, काचेच्या कडेला, पिवळट किंवा काळी भुकटी साचते का? ब्लोअर सुरू केल्यावर व्हेंटमधून चुरा उडतो का? तो फोम आहे. हीटरच्या पेटीत कोअरच्या चारही कडांना, हवेची दिशा बदलणाऱ्या झडपेच्या तोंडावर आणि पेटी जिथे बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) बसते तिथे फोमच्या पट्ट्या असतात. जुना पॉलियुरेथेन फोम दमट हवेने आणि उष्णतेने हळूहळू कुजतो. हात लावला की पीठ होतं. गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी असली तरी हे होतच राहतं. कमी चाललेल्या, देखण्या गाड्यांमध्येही ही तक्रार म्हणूनच निघते.

कोअरच्या कडेचा फोम गेला की हवा कोअरच्या बारीक पत्र्यांमधून जाण्याऐवजी बाजूच्या मोकळ्या फटीतून निघून जाते. हवेला सोपी वाट मिळाली की ती कठीण वाटेने कशाला जाईल? परिणाम असा की थंड आणि गरम हवेचं मिश्रण वर येतं, कोमट. मालक कोअरला दोष देतो, नवा कोअर घेतो आणि तो तसाच, फोमशिवाय, पेटीत सरकवतो. हवा पुन्हा कोमट. नव्या कोअरसोबत फोम येईलच असं गृहीत धरू नका, आणि आला तरी त्याची जाडी तुमच्या पेटीतल्या फटीशी जुळते का ते पाहा.

झडपेच्या तोंडावरचा फोम गेला की वेगळंच होतं. नॉब डिमिस्टवर असूनही बरीच हवा पायांकडे निसटते. पाय उबदार, काच आंधळी. तपासायला सोपं आहे: नॉब डिमिस्टवर, हीटरची पायांकडची छोटी दारं बंद, आणि पायांकडच्या तोंडाशी तीच टिश्यूची पट्टी. ती हलली तर गळती तिथे.

फोम कोणता लावायचा यावर मी जरा हट्टी आहे. फर्निचरचा किंवा पॅकिंगचा स्पंज इथे लावू नये. तो ओपन-सेल असतो, म्हणजे त्यातून हवाही जाते आणि तो पाणीही पितो, आणि मग आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत येतो. क्लोज्ड-सेल निओप्रीन किंवा ईपीडीएम रबर फोम घ्या. ओळखता येत नसेल तर एक तुकडा पाण्यात बुडवून दाबा आणि सोडा. पाणी शोषून जड झाला तर तो परत ठेवा.

जाडी अंदाजाने घेऊ नका. फटीत मूर्तीकामाची मऊ माती किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवून झडप बंद करा, दाबून झालेली जाडी मोजा आणि साधारण तिच्या दीडपट जाडीचा फोम निवडा. पातळ फोम गळतो हे सगळ्यांना समजतं. जाड फोमचा त्रास उशिरा कळतो: झडप पूर्ण बंद होत नाही, चालक नॉब जोरात फिरवतो आणि केबल तिच्या पकडीतून सरकते. चिकटवायला उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह वापरा. जुन्या गोंदाचा थर पूर्ण खरवडून, पत्रा कोरडा करून मगच लावा. फोम नुसता स्वतःच्या चिकट पाठीवर सोडला तर गरम पेटीत त्याच्या कडा उचलल्या जातात.

एक सावधगिरी. काही जुन्या वाहनांत उष्णता रोखायला अ‍ॅस्बेस्टसचे पुठ्ठे किंवा पट्ट्या वापरलेल्या असत. राखाडी, तंतुमय काही दिसलं आणि ते काय आहे याची खात्री नसेल, तर ते घासू नका, हवेच्या झोताने साफ करू नका. आधी तपासून घ्या.

पेटी बाहेर काढणं

एमजीबीवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे की कारखान्यात आधी हीटर ठेवला आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली. पेटी इंजिनाच्या मागे, बल्कहेडवरच्या चौथऱ्यावर बसते आणि तिचा खालचा भाग केबिनमध्ये उतरतो. बॅटरी सोडा, कूलंट काढा, होज, वायरी आणि केबल सोडा, कडेचे स्क्रू काढा. तरी पेटी हलत नाही. ती अडते ती केबिनच्या बाजूने: डिमिस्टरच्या होजना जोडणाऱ्या नळ्या पेटीत आत घुसलेल्या असतात. त्या आधी आतून ओढून काढाव्या लागतात, आणि त्यासाठी मधला कन्सोल बाजूला करणं आलंच. मग उरतो तो वर्षानुवर्षं चिकटून बसलेला सील. पेचकस घालून उचकटला तर पत्रा वाकतो. पातळ प्लॅस्टिकची पट्टी आणि धीर, दोन्ही लागतात. कार्पेट आधीच झाका, कारण कोअरमध्ये उरलेलं कूलंट पेटी कलली की ओघळतंच.

जाता जाता सल्ला: पेटी एकदा बाहेर आली की कोअर, फोम, मोटर, झडपेची बिजागरी आणि आतला गंज ही सगळी कामं एकदमच करा. ही तक्रार वारंवार वर येते त्याचं एक मोठं कारण म्हणजे लोक एका भागासाठी पेटी काढतात आणि बाकीचं 'अजून चालतंय' म्हणून तसंच परत ठेवतात.

होज आणि वरचे व्हेंट

पेटीपासून डॅशबोर्डच्या वरच्या फटींपर्यंत हवा नेणारे मूळ होज कागदी किंवा कापडी असतात. ते सुकतात, घड्यांवर फाटतात. बाहेरून धड दिसणारा होज आतल्या बाजूने लोंबत असतो, म्हणून काढून उजेडासमोर धरून पाहा. नवा घेताना तारेची गुंडाळी असलेला, निओप्रीनचा लेप दिलेला कापडी होज उत्तम. कपडे वाळवण्याच्या यंत्रामागचा पातळ चुरगळणारा होज स्वस्त आणि सहज मिळतो, पण तो वाकवला की आत चपटा होतो. होजचा आतला व्यास जुन्या तोंडावर मोजून घ्या. लांबी हवी तितकीच ठेवा. जास्तीचा होज डॅशबोर्डमागे कोंबला की एक घडी पडते आणि त्या बाजूचा वारा मरतो.

जोड पक्का करायला क्लिप, आणि फटीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टेप. कापडी डक्ट टेप नावाला डक्टची असली तरी उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि वर्षा-दोन वर्षांत ती सुटून लोंबकळते. तक्रार पुन्हा उद्भवते त्यातला हा एक बिनमहत्त्वाचा वाटणारा पण नेहमीचा वाटेकरी.

आता खुद्द व्हेंट. डॅशबोर्डवर दिसणारी लांबट फट म्हणजे नुसती चौकट. तिच्याखाली हवेला पसरवणारं नरसाळं असतं, आणि दोघांमधला जोड बहुधा सैल झालेला असतो. तिथून सुटलेली हवा डॅशबोर्डच्या पोटात जाते, काचेवर नाही. फटीवर हात ठेवून ती पूर्ण झाका. बंद डॅशबोर्डच्या खालून वारा येताना जाणवला, तर हाच जोड सील करायचाय.

भेगाळलेल्या डॅशबोर्डवर वरून चिकटवायचं कव्हर लावलेलं असेल तर आणखी एक शक्यता आहे. त्या कव्हरमधली भोकं खालच्या फटींशी काही मिलिमीटरने चुकलेली असली तरी अरुंद फटीचा बराच भाग झाकला जातो, आणि हवेचा झोत काचेऐवजी वर छताकडे जातो. टॉर्च लावून वरून आत पाहा. कव्हरची कड फटीत डोकावत असेल तर ती धारदार सुरीने जपून कापा.

चौकटी प्लॅस्टिकच्या असतील तर त्या थंडीत काढू नका. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ असतं आणि मागचे कान पहिल्याच झटक्यात तुटतात. हेअर ड्रायरने कोमट करा, मग खालून ढकला. तुटलेला कान चिकटवण्याआधी प्लॅस्टिक कोणतं ते पाहा. एबीएस असेल तर अ‍ॅसिटोन त्याला विरघळवतं आणि त्यावर चालणारे सॉल्व्हेंट गोंद चांगला सांधा देतात. पॉलिप्रॉपिलीन असेल तर असले गोंद त्याला धरतच नाहीत, तिथे गरम हत्याराने वितळवून जोडणंच बरं. मागच्या न दिसणाऱ्या बाजूला अ‍ॅसिटोनचा एक थेंब लावून पाहा: चिकट झालं तर एबीएस असण्याची शक्यता मोठी. पत्र्याच्या चौकटीचा गंज काढून गंजरोधक प्रायमर आणि मग काळा, कमी चमकीचा रंग द्या. चमकदार रंग देऊ नका, त्याचं प्रतिबिंब काचेत दिसतं आणि रात्री फार त्रास होतो. रंग पातळ हातांनी द्या, कारण फट आधीच अरुंद आहे.

केबल

झडपेची केबल म्हणजे आवरणात सरकणारी तार. नॉब फिरतो म्हणजे झडप हलतेच असं नाही. कोणाला तरी नॉब फिरवायला सांगा आणि तुम्ही दुसऱ्या टोकाचा लिव्हर पाहा. तार सरकण्याऐवजी आवरणच मागे-पुढे होत असेल तर आवरणाची पकड सैल आहे. ती घट्ट करा आणि केबल अशी बांधा की नॉब शेवटाला पोचण्याआधी किंचित अगोदर झडप टेकेल. नॉब आधी अडला तर झडप कायम थोडी उघडी राहते.

उष्णतेची वाट, थोडक्यात

वॉल्व्ह सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूला बसतो आणि त्याच्याखालचा गॅस्केट गळायला लागला की पाणी इंजिनाच्या कडेने ओघळतं. वॉल्व्ह वर्षभर न फिरवता एकाच जागी राहिला की चिकटतो. तुंबलेला कोअर वाहत्या पाण्याने उलट्या दिशेने धुवा, म्हणजे जिथून पाणी बाहेर येतं तिथून आत सोडा. नळ पूर्ण उघडू नका. रेडिएटरच्या टोपीवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त दाब जुन्या सोल्डरच्या सांध्यांना सोसवत नाही.

थर्मोस्टॅट ८२ अंश सेल्सिअसचा असतो. थंड प्रदेशांसाठी ८८ आणि उष्ण प्रदेशांसाठी ७४ अंशांचा दिला जाई. गाडीत ७४चा राहून गेला असेल तर कोअरला मिळणारं पाणी तितकंच थंड. पाणी भरताना हीटरचा वॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. हीटर उंचावर असल्याने हवा तिथेच अडकते. परतीचा होज सोडून त्यातूनच नरसाळ्याने कूलंट भरलं तर हवा बाहेर पडायला सोपं जातं.

ब्लोअर

मोटरच्या टोकांवर, ती चालू असताना, व्होल्टमीटर लावा. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर स्विच, फ्यूजची टोकं किंवा अर्थिंग (गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी) यांपैकी काहीतरी गंजलंय. हिरवी वायर फ्यूजमधून येते, काळी अर्थिंगला जाते. काळीचा बोल्ट काढून पत्रा घासला की कित्येकदा मोटर एकदम तरुण होते.

१९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक अर्थिंगला असे. नंतर कोणी ते उलटं केलं असेल आणि मोटर स्थायी चुंबकाची असेल, तर ती उलटी फिरते. पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त खूप कमी. म्हणून ते लक्षात येत नाही: आवाज नेहमीचा, वारा अर्धा. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करून पाहा.

दमटपणा कुठून येतो

थंड हवा गरम केली की ती कोरडी होते, डिफ्रॉस्टरचं सगळं गणित याच्यावर चालतं. ५ अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ७ ग्रॅम बाष्प धरते. तीच ४० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता साधारण १२ टक्क्यांवर येते आणि ती काचेवरचं पाणी शोषून घेते. पण तिच्या वाटेतच पाणी साचलेलं असेल तर?

काचेच्या पुढच्या जाळीखाली हवा घेणारी पोकळी असते. तिथे पडणारं पावसाचं पाणी एका नळीतून खाली गिअरबॉक्सच्या बोगद्याकडे उतरतं. पानं आणि चिखलाने ही नळी तुंबली की पोकळीत डबकं साचतं, हीटर त्याच्यावरून हवा ओढतो आणि थेट काचेवर बाष्प फेकतो. जाळीतून पाणी ओता आणि गाडीखाली ते येतंय का पाहा. नाही आलं तर बोगद्याच्या बाजूने नळीचं खालचं टोक मोकळं करा. वरून तार खुपसली तर गाळ आणखी दाबला जातो. हे वर्षातून एकदा करायला हवं, कारण साचलेलं पाणी पत्रा कुजवून पायाखाली उतरतं. कार्पेटखालचं पॅडिंग हाताने दाबून पाहा. ते ओलं असेल तर कुठलाही हीटर हरतो.

दुसरं धुकं वेगळं असतं. ते पुसलं की काचेवर तेलकट ओघळ राहतात आणि गोडसर वास येतो. ते पाणी नाही, कोअरमधून गळणारं कूलंट आहे. इथे फोम, होज, केबल काहीही करून उपयोग नाही. कोअर काढून पाण्यात बुडवून हवेच्या हलक्या दाबाने तपासा. बुडबुडे आले तर दुरुस्ती किंवा नवा कोअर.

आणि व्हेंटमधून पेट्रोलचा किंवा सायलेन्सरच्या धुराचा वास आला, तर दुरुस्तीला उशीर करू नका. पेटी इंजिनाच्या कप्प्यात बसते. तिचा बल्कहेडवरचा सील किंवा केबलच्या भोकांवरचे रबर फाटले की इंजिनाकडची हवा आत ओढली जाते, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्या वायूला स्वतःचा वास नसतो. सील होईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, ब्लोअर बंद ठेवा आणि गाडी शक्यतो बाहेर काढू नका.

बंद करण्याआधी

कन्सोल आणि डॅशबोर्ड परत बसवण्यापूर्वी मोटर बॅटरीवरून चालवा. दोन्ही व्हेंटच्या फटींवर टिश्यू धरा, नॉब एकेका खुणेवर फिरवत झडपेची हालचाल पाहा, आणि एक फट हाताने झाकून दुसरीकडची हवा वाढते का ते बघा. वाढली तर मधले जोड घट्ट आहेत. मग कूलंट भरा, इंजिन तापवा, व्हेंटमध्ये थर्मामीटर खुपसा. दोन्ही बाजूंच्या तापमानात ठळक फरक दिसला, तर थंड बाजूचा होज आताच पुन्हा काढून पाहा, कन्सोलचे स्क्रू लावण्याच्या आधी.